अध्यक्षांच्या परवानगीने

विषय पहिला : मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे

सभा ठरल्या वेळी सुरू झाली. अध्यक्ष, व्यवस्थापकीय संचालक, बँकेने नेमलेले संचालक आणि स्वतंत्र संचालक हजर होते. परदेशी फंडाला कंपनीतला हिस्सा विकण्याचा विषय चर्चेस आला. अनुपालन अधिकाऱ्यांना आपला अहवाल तोंडी सांगण्यासाठी बोलावण्यात आले. त्या येऊ शकल्या नाहीत.

शेवटचं वाक्य मावशींनी दोनदा वाचलं आणि चष्मा काढला.

"मेल्या होत्या म्हणून?"

"हो," सचिव म्हणाले.

"मग तसं लिहा ना."

"इतिवृत्तात कारण देत नाही आपण."

मावशी परवानगी खात्यातून निवृत्त झाल्या होत्या, आणि कंपनीने त्यांना या मृत्यूची चौकशी करायला बोलावलं होतं. परदेशी पैसा देशात शिरताना त्याची झडती घेण्यात त्यांची नोकरी गेली होती, आणि या धंद्यातले सगळे, वयाने मोठेसुद्धा, त्यांना मावशीच म्हणत. गुडघा दुखायचा. तळघराचे जिने त्या कठडा धरून, एकेक पाय जुळवत उतरल्या. सचिव पुढे दिवे लावत गेले.

ही कंपनी पाण्याची खोली मोजणारी यंत्रं बनवते. ती मासेमारीच्या बोटींना लागतात, तशीच पाणबुड्यांनाही. म्हणून परदेशी माणसाला इथला हिस्सा विकायचा तर सरकारचं परवानगी खातं आधी विचारतं, की समोर दिसतो त्याच्या मागे खरा मालक कोण. तो प्रतिबंध यादीतला, म्हणजे व्यवहाराला बंदी असलेला, निघाला तर परवानगी राहते बाजूला, बँका खाती गोठवतात, गिऱ्हाइकं ओळख दाखवत नाहीत आणि सह्या करणारे संचालक आरोपी होतात.

हा 'खरा कोण' शोधायचं काम ज्या अनुपालन अधिकारी बाईकडे होतं तिला सगळे चाळणी म्हणत. तोंडावरही. ती म्हणायची, "भोकं बारीक आहेत, एवढंच."

चाळणी बोलावण्याची वाट बघत जिथे बसली होती, आणि जिथे सापडली, त्या कागदखोलीचं दार जाड होतं. आत यंत्रांचे आराखडे. आग लागली तर ते पाण्याने भिजू नयेत म्हणून इथे गॅस सुटायची सोय होती. आगीचा श्वास कोंडतो तो. माणसाचाही कोंडतो. दांडा ओढला की तळघरात घंटा होते, बाहेर पडण्यापुरता वेळ मिळतो, मग गॅस. दांडे दोन होते, एक आत आणि एक बाहेर, दोन्ही एकाच तारेला. एक ओढला की दुसराही खाली यायचा, त्यामुळे कुठला ओढला ते नंतर कळत नव्हतं.

"आणि ही कडी?" मावशींनी दाराच्या बाहेरच्या अंगाला बोट लावलं.

"फंडाची माणसं कागद बघायला यायची. त्यांनी मोकळं हिंडू नये म्हणून बसवली. मी खाली आलो तेव्हा ती उघडी होती. पोलिसांनी तेच धरलं. दार बंद नव्हतं, म्हणजे त्यांनी स्वतःच दांडा ओढला. शेवटी घाबरल्या, पण मूठ सापडली नाही."

"तुम्हाला काय वाटतं?"

सचिवांनी रुमाल काढून ओठ पुसले. "सभेआधी त्या अध्यक्षांच्या केबिनमधून बाहेर आल्या. मला म्हणाल्या, 'आज मला उशिरा बोलावलंत तरी चालेल. कदाचित बोलवायची गरजच पडणार नाही.' त्या वेळी काही वाटलं नाही. आता वाटतं, निरोप घेत होत्या."

दाराच्या आतल्या बाजूला, मुठीच्या भोवती, रंगावर ओरखडे होते. बारीक, आडवेतिडवे. मावशींनी त्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

"जगण्याचा कंटाळा आलेलं माणूस दार इतकं ओरबाडत नाही हो," त्या म्हणाल्या. "मूठ तर तिला सापडलीच होती. सगळे ओरखडे तिच्याच भोवती आहेत."

*ठराव : इतिवृत्त कायम करण्यात आले नाही.*

विषय दुसरा : निवेदनाच्या मसुद्यास मान्यता देणे

ताई कंपनी चालवत. वडिलांनी उभी केलेली. वडिलांची खुर्ची त्यांनी भिंतीशी लावून ठेवली होती आणि स्वतः साध्या खुर्चीवर बसत. खिडकीखाली यंत्रशाळा दिसायची. अर्धी यंत्रं झाकून ठेवलेली.

"मसुदा वकिलांनी केलाय," ताई म्हणाल्या. "फंडाच्या मागे जहाजवाला आहे अशी कुजबुज खात्यापर्यंत पोचलीय." जहाजवाला म्हणजे परदेशातला एक बडा जहाजमालक, गेल्या वर्षी प्रतिबंध यादीत गेलेला. "खातं विचारतंय, तुमच्या तपासात काय आढळलं? मी काय सांगू? आमच्याकडे वाईट बातमी कागदावर ठेवायची नाही अशी पद्धत आहे. एकदा अहवाल फुटला होता, तेव्हापासून. आधी अध्यक्षांच्या कानावर, मग सभेत तोंडी. आणि काकांना ती म्हणाली होती, सगळं स्वच्छ आहे."

"काका म्हणजे अध्यक्ष?"

"बाबांचे मित्र. मी फ्रॉकमध्ये होते तेव्हापासून काकाच."

"म्हणजे मसुद्यात असं, की चाळणीला जहाजवाला सापडला होता, तिने तो लपवला, आणि मग शरमेने..."

"मावशी, मी खोटं लिहा म्हणत नाही. पण ती गेली. खाली माणसं जिवंत आहेत. संचालक मंडळ फसलं असं ठरलं तर खातं आम्हाला दुसरा गुंतवणूकदार शोधू देईल. संचालक मंडळच सामील होतं असं ठरलं, तर उद्या कुलूप. तुमची सही असली की ते मानतील."

"तिच्या घरचे?"

ताईंनी खिडकीकडे मान वळवली. "धाकटी बहीण रोज खाली येऊन बसते. वडील आहेत, अंथरुणाला खिळलेले. त्यांना अपघात म्हणून सांगितलंय. निवेदन निघालं की पेपरात येईल."

मावशींनी मसुदा पालथा घातला. "त्या दिवशी कोण कुठे होतं ते सांगा."

"फंडाचा विषय निघाला. काका नेहमीसारखं म्हणाले, 'कुणाचा हितसंबंध?' ही त्यांचीच पद्धत. ज्याचा काही संबंध असेल त्याने उठायचं, खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवायची आणि बाजूच्या खोलीत जायचं. परत येईपर्यंत त्याच्याशी कुणी बोलायचं नाही. स्वतः तर इतके काटेकोर, की बागेच्या कंत्राटात त्यांच्या ड्रायव्हरचा चुलतभाऊ होता तर उठून गेले. बागेच्या, मावशी. चार कुंड्यांच्या." ताई हसल्या आणि लगेच थांबल्या. "तर राजदूत उठले, आपले स्वतंत्र संचालक. त्यांचा पुतण्या फंडाच्या वकिलांकडे नुकताच लागलाय. मग मताची वेळ आली तर काकांची साखर उतरली. 'ताई, तुम्ही चालवा' म्हणाले आणि तेही बाजूच्या खोलीत गेले. तिथे बिस्किटांचा डबा असतो त्यांच्यासाठी. त्या दिवशी नेमका मी खारट बिस्किटांनी भरला होता, दुसरी संपली होती. मला चुटपुट लागली. म्हणजे आत मी, बँकवाले आणि सचिव. बाहेर दोघं म्हातारे एकत्र. मग बऱ्याच वेळाने सचिव चाळणीला बोलवायला खाली गेले."

"दोघं एकत्र," मावशी म्हणाल्या. "त्यांना एकमेकांबद्दल विचारलंत?"

"काय विचारायचं? राजदूत त्यांच्याशी बोलणार नाहीत, ते राजदूतांशी बोलणार नाहीत. नियमच तसा आहे."

*ठराव : मसुदा पुढच्या सभेपर्यंत तहकूब.*

विषय तिसरा : अध्यक्षांचे मनोगत

अध्यक्ष स्वतः उठून दारापर्यंत आले. उंच, किंचित वाकलेले, कोटाला एकही सुरकुती नाही. चहा आला. त्यांनी दोन चमचे साखर घातली, थोडा विचार करून आणखी अर्धा.

"या वयात एवढंच सुख उरलंय," ते म्हणाले.

मावशींनी आपला बिनसाखरेचा कप जवळ ओढला.

टेबलावर चांदीच्या चौकटीत लग्नाचा फोटो होता. नवरी, नवरा, नवरीच्या एका बाजूला अध्यक्ष आणि त्यांची पत्नी. नवऱ्याच्या पलीकडे चौकट संपत होती. नवऱ्याच्या खांद्यावर मात्र एक हात होता, जाड अंगठी घातलेला. त्या हाताचा माणूस फोटोत नव्हता.

"लेक," अध्यक्ष म्हणाले. "परदेशात दिलीय. नातू आहे आता, बोबडं बोलतो. भाषा मात्र तिकडची."

"भेट होते?"

"फोन करते. ती करते, मी नाही. त्यांच्याकडे मोठं घर आहे, माणसं फार. आपण केव्हा केला तर चालतं ते कळत नाही." त्यांनी कप खाली ठेवला. "चाळणीविषयी विचारा. तिच्यासाठी आलात तुम्ही."

"तुमच्याकडे आली होती सकाळी."

"रीतीप्रमाणे. म्हणाली, फंड स्वच्छ आहे, काळजी नसावी. मी विश्वास ठेवला. माझी चूक तेवढीच. चांगली मुलगी होती, मावशी. माणसाचा पाय कधी घसरेल सांगता येत नाही."

"आणि मताच्या वेळी?"

"घाम फुटला, हात थरथरायला लागले. बाजूच्या खोलीत गेलो, दोन क्रीमची बिस्किटं तोंडात टाकली, डोळे मिटून बसलो. जरा जिवात जीव आला."

"राजदूत होते?"

"खिडकीशी उभे होते, पाठमोरे. आम्ही बोललो नाही. उठून गेलेल्याशी बोलायचं नाही, हा माझाच नियम. मीच कसा मोडू?"

मावशींनी निघताना फोटोकडे पुन्हा पाहिलं. चौकट नवी होती, फोटोच्या मानाने अरुंद.

*ठराव : अध्यक्षांचे आभार मानण्यात आले.*

विषय चौथा : उठून गेलेले सदस्य

राजदूत आयुष्यभर दूतावासांत राहिले होते, त्यामुळे घरातही ते पाहुण्यासारखे बसत. त्यांच्या पत्नीने त्यांना स्वेटर घालायला लावला होता आणि स्वतः दारात उभी राहून ऐकत होती.

"फंड तुम्ही आणलात," मावशी म्हणाल्या.

"ओळख मी करून दिली. नाव सुचवलं अध्यक्षांनी. म्हणाले, तुमच्या तोंडून बरं दिसेल, तुम्ही बाहेरचे."

"यांच्या तोंडून सगळंच बरं दिसतं," पत्नी म्हणाली. "म्हणून तर लोक ते वापरतात."

"अगं, बोलू दे."

"बोला की. मी कुठे अडवलंय?"

"त्या दिवशी बाजूच्या खोलीत काय केलंत?"

राजदूत लालसर झाले. "काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"फोन बाहेरच्या टोपलीत जमा. पेपर नाही, पुस्तक नाही. खिडकीतून गाड्यांचा तळ दिसतो. माणसाने करायचं काय? मी..." त्यांनी बायकोकडे पाहिलं. "मी बिस्किटं खाल्ली."

"किती?"

"सगळी."

"काय चोरी पकडलीत, मावशी," पत्नी म्हणाली. "घरी आले ते पाणी पाणी करत. तांब्याभर प्यायले. मी म्हटलं, कुठे मीठ चाटून आलात?"

"खारट होती," राजदूत म्हणाले. "इतर वेळी गोड असतात. कंटाळ्यापायी संपवली, झालं. डबा रिकामा करून झाकण लावून ठेवला, कुणाला कळू नये म्हणून."

"आणि अध्यक्ष आले तेव्हा?"

"अध्यक्ष?" राजदूतांनी चष्म्यावरून पाहिलं. "अध्यक्ष कशाला येतील? ते तर सभा चालवत होते. मी एकटाच होतो. सचिव ओरडत वर आले तोवर एकटाच."

राजदूतांच्या पत्नीने दाराला टेकलेला खांदा काढून घेतला.

"अहो," ती हळूच म्हणाली. "हे तुम्ही पोलिसांना का नाही सांगितलंत?"

"विचारलंच नाही त्यांनी. त्यांनी विचारलं, तुम्ही कुठे होतात. मी सांगितलं."

*ठराव : बिस्किटांचा खर्च मंजूर.*

विषय चौथा (अ) : दूरध्वनीवरून

बँकवाले संचालक गाडीत होते, आवाज तुटत होता.

"साखर? त्या म्हाताऱ्याची? अहो, फंडाचा विषय आला रे आला की उतरायची. प्रत्येक सभेला. पगारवाढीला नाही, यंत्रखरेदीला नाही, तास तास डोकं खायचे तेव्हा ठणठणीत. मी तर म्हटलं होतं, फंड मधुमेही दिसतोय." ते स्वतःच हसले. "एकदाही त्यांनी फंडाला मत दिलं नाही, बघा. मत आम्ही द्यायचं, तब्येत त्यांनी सांभाळायची."

"इतिवृत्तात आहे हे?"

"बिस्किट खायला गेलेला माणूस इतिवृत्तात कोण लिहितं, मावशी?"

*ठराव : आवाज तुटल्यामुळे नाही.*

विषय पाचवा : मृताच्या नातेवाईकांचे म्हणणे ऐकणे

घर दोन खोल्यांचं. आतल्या खोलीत वडील झोपलेले. धाकटी बाहेर दाराशी स्टूल टाकून बसली होती, म्हणजे आतलं ऐकू येईल आणि बोललेलं आत जाणार नाही.

"सगळे मला समजावतात," ती म्हणाली. "तुझ्या बहिणीने लपवलं असेल, दडपण असेल, माणूस आहे. मावशी, ती घरातसुद्धा लपवू शकायची नाही. माझ्या वाढदिवसाची साडी तिने आदल्या दिवशीच दाखवली, राहवत नाही म्हणून. मला एवढंच हवंय, तिने काम केलं होतं हे कुणीतरी लिहावं. बाबा पेपर वाचून घेतात माझ्याकडून. मी तेवढी एक बातमी गाळून कशी वाचू? त्यांना लगेच कळतं मी गाळलं की."

"शेवटच्या संध्याकाळी काही बोलली?"

"कामाचं बोलायची नाही. पण एक केलं. माझ्या लग्नाचा अल्बम काढला. आमच्या सगळ्यांचा फोटो असतो ना, दोन्ही घरचा, तो बघत बसली. माझ्या सासऱ्यांवर बोट ठेवून म्हणाली, 'हे बाबांचे कोण?' मी म्हटलं, वेड लागलंय का तुला, व्याही. म्हणाली, 'हो ना. आपण व्याह्यांना मानाने फोटोत उभं करतो. आणि आमच्या हितसंबंधाच्या फॉर्मात आईबाप, नवराबायको, भावंडं, मुलं, सून, जावई, सगळ्यांना रकाना आहे. व्याह्यांना नाही.'"

"मग?"

"मग म्हणाली, 'उद्या एका मोठ्या माणसाला संधी देणार आहे. स्वतः उठून सांगायची. मी सांगितलं तर त्यांची अब्रू जाईल, त्यांनी सांगितलं तर राहील.' मी विचारलं कोण. म्हणाली, 'उद्या संध्याकाळी सांगते.'"

आतून खोकल्याचा आवाज आला. धाकटी उठली, आत गेली, पाणी पाजून परत आली.

"मावशी, संधी देणं चूक होतं का तिचं?"

मावशी तिचा हात दाबून उठल्या. रस्त्यावर आल्यावर त्यांनी जुन्या खात्यातल्या एका अधिकारी बाईंना फोन लावला. पूर्वी हाताखाली होत्या.

"जहाजवाल्याची सून कुठली ग? माहेरची?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग उत्तर आलं. मावशींनी कठडा शोधला, पण रस्त्याला कठडा नव्हता. त्या तशाच उभ्या राहिल्या.

*ठराव :*

विषय सहावा : अध्यक्षांच्या परवानगीने येणारे आयत्या वेळचे विषय

सभा भरली. फोन बाहेरच्या टोपलीत जमा झाले. अध्यक्ष टोकाच्या खुर्चीवर, त्यांच्या उजव्या हाताला ताई, मग बँकवाले. डाव्या हाताला राजदूत, मग मावशी. सचिव लिहायला बसलेले. धाकटी बाहेर बाकावर होती, तिला आत घेता येत नव्हतं. तिच्या पलीकडे साध्या कपड्यांतले दोन पोलीस बसले होते. मावशींनी त्यांना सकाळीच सगळं सांगितलं होतं. ते म्हणाले होते, बिस्किटांवर अटक होत नाही, मावशी.

"मसुदा," ताई म्हणाल्या. "मावशींची सही राहिलीय."

"त्याआधी एक आयत्या वेळचा विषय आहे," मावशी म्हणाल्या. "अध्यक्षांची परवानगी असेल तर."

अध्यक्षांनी मान हलवली. "आहे ना."

"मी कुणाचं नाव घेणार नाही. एक सदस्य आहेत. फंड त्यांनी सुचवला, पण दुसऱ्याच्या तोंडून. फंडाच्या मागे जहाजवाला आहे हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. फॉर्मात त्यांनी खोटं काही लिहिलं नाही, कारण फॉर्मात तो रकानाच नाही. पण इतकी वर्षं नियम पाळून पाळून तो अंगात मुरलेला. हितसंबंध लपवणं त्यांना जमलं. लपवलेल्या विषयावर मत देणं काही जमेना. म्हणून दर वेळी मताच्या आधी बाहेर. त्यासाठी एक दुखणं शोधलं. ते दुखणं चहात अडीच चमचे साखर घेतं."

बँकवाल्यांचा पेन टेबलावरून घरंगळला. कुणी उचलला नाही.

"चाळणीला सगळं सापडलं होतं. तिने रीत पाळली. सभेत बोलण्याआधी त्यांच्याकडे गेली आणि म्हणाली, तुम्हीच उठा, तुम्हीच सांगा. आणि सचिवांना म्हणाली, मला बोलवायची गरजच पडणार नाही. ती निरोप घेत नव्हती, सचिव. तिला खात्री होती, हा माणूस उठेल. बागेच्या चार कुंड्यांसाठी उठलेला माणूस, यासाठी कसा उठणार नाही?"

सचिवांचा हात कागदावर थांबला होता.

"ते उठले. पण सांगून नाही. बाजूच्या खोलीत गेलो म्हणाले, क्रीमची बिस्किटं खाल्ली म्हणाले. त्या दिवशी डब्यात खारट होती, आणि तीही राजदूतांनी संपवली होती. म्हणजे तो डबा त्यांनी उघडलाच नाही. ते त्या खोलीत गेलेच नाहीत, जिन्याने खाली गेले. पुन्हा एकदा विनवलं असेल. ती नाही म्हणाली असेल. मग बाहेरची कडी लावली, बाहेरचा दांडा ओढला, आत सगळं शांत होईपर्यंत थांबले, आणि सचिव यायच्या आत कडी काढून निघाले. दोघं म्हातारे एकत्र होते, हे आपण धरूनच चाललो. दोघांनी बोलायचं नाही हा नियम होता, म्हणून कुणी विचारलंही नाही."

ताईंनी मसुद्यावरचा हात काढून घेतला.

"माझ्याकडे पुरावा म्हणावा असं एवढंच," मावशी म्हणाल्या. "पोलिसांना पुरणार नाही. म्हणून मी विषय रीतसर मांडते. विषय असा : अनुपालन अधिकाऱ्यांचा मृत्यू." त्यांनी आवाज चढवला नाही. "यात कुणाचा हितसंबंध?"

खालच्या यंत्रशाळेतून एकाच यंत्राची घरघर येत होती. राजदूत टेबलाच्या कडेकडे बघत होते. बँकवाल्यांनी गळ्याचं बटण सैल केलं.

मग खुर्ची सरकली.

अध्यक्ष उठले होते. आपण उठलोय हे त्यांना उठल्यावर कळलं असावं, कारण ते अर्धवट वाकून, हात पाठीवर ठेवून क्षणभर तसेच राहिले. सगळे बघत होते. खाली बसता आलं असतं. पाय दुखतोय म्हणता आलं असतं, साखर उतरली म्हणता आलं असतं. त्यांनी खुर्ची उचलली आणि सावकाश, आवाज न करता, भिंतीकडे तोंड करून ठेवली.

"काका," ताई म्हणाल्या.

"माझी मुलगी जहाजवाल्याच्या घरात नांदते, ताई." त्यांचा आवाज नेहमीचाच होता. "हा सौदा फिसकटला तर तिथे तिला कोण विचारतं? व्याह्यांनी मला तसं सांगितलं होतं, हसत हसत. मी खाली तेवढंच सांगायला गेलो होतो. ती म्हणाली, काका, तुमच्या मुलीसाठी मी दुसरं काहीही करीन." ते दाराशी पोचले. "तीही मला काकाच म्हणायची."

"तिची बहीण बाहेर बसलीय," मावशी म्हणाल्या. "तुम्हाला तिच्यासमोरून जावं लागेल."

त्यांनी दाराच्या मुठीवर हात ठेवला. आतल्या बाजूने. मूठ सहज फिरली, दार उघडलं, ते बाहेर गेले. बाकावरचे दोघे पोलीस उठले.

कुणी त्यांच्याशी बोललं नाही. नियमच तसा होता.

*ठराव : सर्वानुमते. एक सदस्य बाहेर.*

विषय सातवा : आभार

आभार कुणी मानले नाहीत.

ताईंनी मसुदा आडवा फाडला, मग उभा. खरं निवेदन आता त्यांनाच लिहायचं होतं, आणि ते वाचून खातं काय करील हे त्यांना ठाऊक होतं. महिनाअखेर यंत्रशाळेची एक पाळी बंद होईल, पुढच्या महिन्यात बहुधा गेटही. त्या खिडकीशी गेल्या आणि झाकलेल्या यंत्रांकडे पाहत राहिल्या.

बाहेर टोपलीत एक फोन वाजायला लागला. सचिवांनी दारातून पाहिलं. पडद्यावर एका लहान मुलाचा फोटो होता आणि खाली 'लेक' असं लिहिलेलं. फोन पूर्ण वाजला, थांबला, पुन्हा वाजला. टोपलीशी धाकटी उभी होती. ती त्या फोटोकडे बघत होती आणि फोन उचलावा की नाही हे तिला ठरवता येत नव्हतं. तिने उचलला नाही.

"मावशी," ती दाराशी येऊन म्हणाली, "मी बाबांना काय सांगू?"

मावशींनी सचिवांकडे पाहिलं.

सचिव परत जागेवर बसले. मागच्या सभेचं इतिवृत्त अजून कायम झालं नव्हतं. त्यांनी ते पुढे ओढलं. शेवटच्या ओळीशी, 'त्या येऊ शकल्या नाहीत' यानंतर थोडी जागा होती. इतक्या वर्षांत त्यांनी त्या जागेत कधी काही लिहिलं नव्हतं. पेन उघडायला वेळ लागला.

मग त्यांनी लिहिलं, आणि धाकटीला ऐकू जाईल असं, एकेक शब्द सुटा करून वाचलं.

"कारण, त्यांनी आपलं काम पूर्ण केलं होतं."